नाकाचं हाड 'वाढलं' म्हणतात. ऑपरेशन करू की नको? खेड्यात राहणाऱ्यांनी अनुभव सांगा

पऱ्हाटी · ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. काल पोळा झाला, त्यावरून विषय निघाला आणि आज लिहायला बसलो.

मी हिंगणघाट तालुक्यातला, वय ३३. घरी नऊ एकर वावर, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. नोव्हेंबर ते मार्च जिनिंगमधे रुईच्या खात्यावर कामाला जातो. माझी डावी नाकपुडी जवळपास बंदच असते. कधीपासून ते नेमकं माहीत आहे. सातवीत होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होतो, बैलानं माशी हाकलायला मान झटकली आणि शिंगाचा बुडखा नाकावर बसला. भळभळ रक्त आलं. आईनं थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या नाकानं मी बैल धरून तोरणाखाली उभा होतो. डॉक्टरकडे न्यावं असं कोणाच्या मनात आलं नाही. रक्त थांबलं म्हणजे झालं, असंच तेव्हा सगळे समजत.

आता रात्री तोंडानं श्वास घ्यावा लागते. दोन-अडीचला जीभ टाळूला चिकटते, उशाशी पाण्याचा गडवा ठेवूनच झोपतो. घोरण्यामुळे बायको पोरीला घेऊन आतल्या खोलीत झोपते. सकाळी उठलो की डोकं जड. चार वर्षांपासून मेडिकलमधून नाकात टाकायचे थेंब आणतो, बाटली खिशातच असते. टाकले की पाच मिनिटांत मोकळं वाटते.

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, हाड वाढलं आहे, ऑपरेशन करून टाका, ४५ हजार लागतील. दोन मिनिटांत तपासणी संपली. घरी आई म्हणते, "नाकातलं हाड काढलं का नाक बसते, पोरा. मंग तोंडाकडे पाहवत नाही." काका म्हणतात, पुन्हा वाढते. मला कळून नाही राहिलं. ज्यांचं झालं त्यांनी खरं खरं सांगा.

संत्र्याची_बाग · ३ सप्टेंबर, रात्री ११.०२

भाऊ, मी वरूडकडचा. माझं दोन वर्षांपूर्वी झालं. फरक पडला, चांगला पडला. घोरणं पूर्ण गेलं नाही, पण तोंड उघडं टाकून झोपणं बंद झालं.

नाक बसलं नाही. बाहेरून टाकाही नाही, सगळं आतूनच करतात. सांगायचं ते दुसरंच आहे. ऑपरेशन तासाभराचं असते, जपायचा असतो तो पुढचा महिना. मी बाराव्या दिवशी आंबिया बहारावर फवारणीला गेलो. बरं वाटत होतं आणि मजूर मिळत नव्हते. १६ लिटरचा पंप पाठीवर. चौथ्या फेरीला वाकून पंप भरत होतो तर नाकातून धार लागली, बनियन लाल झालं. रात्री पुन्हा दवाखान्यात, पुन्हा नाकात बोळा. घरात दुसरा हात असेल तेव्हाच तारीख घे.

पैनगंगा_पल्याड · ४ सप्टेंबर, सकाळी ७.३०

माझं मत वेगळं आहे. माझ्या मामाचं दोनदा ऑपरेशन झालं. पहिल्यांदा एक वर्ष बरं होतं, मग हाड पुन्हा वाढलं. दुसऱ्या वेळी पैसे व्याजानं काढले होते. आजही सर्दी आहे ती आहेच. त्यापेक्षा रोज रात्री नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब सोडा, वाफ घ्या. कोणाचं मन दुखवायला लिहीत नाही, व्याज फेडताना त्यांचे हाल पाहिले म्हणून लिहिलं.

वैनगंगाकाठ · ४ सप्टेंबर, दुपारी ३.४०

मी भंडारा जिल्ह्यातली, कान-नाक-घसा विभागात काम करते. ओपीडी संपवून लिहिते आहे, थोडं लांब होईल.

पहिल्यांदा 'हाड वाढलं' हा शब्द. आम्ही डॉक्टरही पेशंटला तोच सांगतो, कारण तो पटकन कळतो, पण निम्मी भीती त्यातूनच येते. नाकाच्या मधोमध एक पडदा असतो. पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखा वाकणारा, आणि मागचा भाग पातळ हाडाचा. मार लागून किंवा वाढीच्या वयात तो एका बाजूला झुकतो, कधी त्याला मागे टोकदार कड येते. म्हणजे काही वाढत नाही, वाकतं. बऱ्याच माणसांचा पडदा थोडाफार वाकडा असतोच आणि त्यांना आयुष्यभर त्रास होत नाही. पडदा वाकडा दिसला एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही, त्या वाकण्यामुळे त्रास होतो आहे का यावर ठरतं.

नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल वळ्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. दर काही तासांनी एका बाजूच्या फुगतात, दुसऱ्या बाजूच्या ओसरतात. हे बहुतेकांत होतं. म्हणून 'कधी डावी बंद, कधी उजवी बंद' असं असेल तर दोष एकट्या पडद्याचा नसतो. ॲलर्जीनं या वळ्या कायम फुगून राहतात. पडदा डावीकडे झुकला असेल तर उजवीकडची मोकळी जागा भरायला तिथली वळीही मोठी होते, मग दोन्ही बाजू चोंदतात.

पैनगंगा भाऊ, तुमच्या मामांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलणार नाही. पण 'पुन्हा वाढलं' म्हणत आलेल्यांमधे मला बहुतेकदा दोन गोष्टी दिसतात. एक तर ॲलर्जीचा इलाज झालेलाच नसतो. किंवा कूर्चा पुरती सरळ झालेली नसते, आपल्या जुन्या वळणावर थोडी परत जाते. मोठ्या माणसात काढलेलं हाड नव्यानं उगवत नाही. तुपानं कोरडेपणा कमी होतो, खपल्या मऊ पडतात, पण वाकलेली कूर्चा सरळ होत नाही.

पऱ्हाटी भाऊ, आईंची भीती अगदीच वाऱ्यावरची नाही. १९०२ आणि १९०४ साली शिकागोचे फ्रीअर आणि जर्मनीचे किलियन यांनी या ऑपरेशनची जुनी पद्धत मांडली. तिच्यात पडद्याचा बराच भाग काढून टाकत, त्यातून काहींचं नाक मधे खचायचं. आता वरच्या कण्याची आणि पुढच्या कडेची साधारण एक सेंटीमीटरची पट्टी काटकोनात शाबूत ठेवतात. नाकाचा डोलारा तिच्यावरच उभा असतो. वाकडा तेवढा भाग काढायचा किंवा सरळ करून ठेवायचा, आतलं अस्तर परत बसवायचं. नाक बसण्याचा धोका शून्य नाही, पण कमी आहे. रक्तस्राव, पडद्याला भोक पडणं, अस्तरं एकमेकांना चिकटणं हेही क्वचित होतं, आणि सही घेण्याआधी डॉक्टरांनी ते सांगायला हवं.

आता तुमच्या खिशातली बाटली. बहुतेक झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सीमेटाझोलिन असेल. ते ५ ते ७ दिवसांच्या वर वापरायचं औषध नाही. रोज वापरलं की उतार पडताना नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, मग माणूस पुन्हा थेंब टाकतो. चार वर्षांत तुमचं नाक पडद्यामुळे किती बंद आणि थेंबांमुळे किती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. आधी ते वेगळं करा. दुर्बिणीनं तपासणी करून घ्या, टॉर्चवर भागवू नका. आणि बायकोला विचारा, घोरता घोरता श्वास मधेच थांबतो का? थांबत असेल तर झोपेची तपासणी वेगळी करावी लागते. नुसता पडदा सरळ केल्यानं तो आजार सहसा जात नाही.

पऱ्हाटी · ४ सप्टेंबर, रात्री ९.२०

मॅडम, बाटली पाहिली. झायलोमेटाझोलिनच आहे. चार वर्षांत कोणी हे सांगितलं नव्हतं. बायको म्हणते श्वास थांबत नाही, घोरणं एकसारखं चालते. पण बाटली सोडू कशी? एक रात्र नाही टाकलं तर गुदमरल्यासारखं होते, उठून अंगणात येऊन बसतो.

वैनगंगाकाठ · ५ सप्टेंबर, दुपारी १.१५

एकदम सोडू नका, टिकणार नाही. आधी एका नाकपुडीतले बंद करा, दुसरीत चालू ठेवा. आठवड्यानंतर दुसरीतलेही बंद. पहिली नाकपुडी बंद कराल त्याच दिवसापासून स्टिरॉइडचा स्प्रे, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन सुरू करा. तो लगेच काम करत नाही, ४ ते ६ आठवडे द्या. बहुतेक जण मारतात चुकीचा. मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजवीत, आणि बाटलीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर त्याच बाजूच्या कानाकडे. पडद्यावर रोज फवारा बसला की तिथून रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू नका, नाही तर सगळा घशात जातो.

आर्वीची_आई · ७ सप्टेंबर, दुपारी २.५०

मधेच विचारते, माफ करा. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, शाळेत बाई म्हणतात लक्ष नसतं. इथल्या डॉक्टरांनी पडदा वाकडा सांगितला. एवढ्या लहानपणी ऑपरेशन करतात का?

वैनगंगाकाठ · ७ सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

ताई, या वयात तोंडानं श्वास घेणारं मूल आलं की आम्ही आधी ॲडेनॉइड पाहतो. नाकाच्या मागे टॉन्सिलसारखी गाठ असते, ती वाढली की हेच सगळं होतं. मानेचा बाजूनं एक्स-रे काढला किंवा दुर्बीण घातली की कळतं. कानाचीही तपासणी करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर कमी ऐकू येतं, आणि वर्गात लक्ष नसण्याचं कारण तेही असू शकतं. नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन फारच अडचण नसेल तर वाढ पुरी होईपर्यंत, साधारण १६-१७ वर्षांपर्यंत थांबवतात.

आणि पऱ्हाटी भाऊंच्या गोष्टीवरून सगळ्यांसाठी. मुलाला बैलाचा, चेंडूचा, कशाचाही मार नाकावर लागला आणि रक्त थांबल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, आत लालसर-निळसर फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पडद्याच्या अस्तराखाली रक्त साचलेलं असतं. कूर्चेला पोषण त्या अस्तरातूनच मिळतं. रक्त काढलं नाही तर तीन-चार दिवसांत तिथे पू होतो, कूर्चा विरघळते आणि नाक खरंच बसतं.

पऱ्हाटी · १९ ऑक्टोबर, रात्री ८.४५

सहा आठवडे झाले. पहिली चार रात्री खाटेवर बसूनच काढल्या. आठव्या-नवव्या दिवसापासून उजवी नाकपुडी उघडली ती उघडलीच. थेंबांची बाटली बायकोनं चुलीत टाकली. डावी मात्र तशीच. सोयाबीनच्या मळणीला तोंडाला दुपट्टा बांधून होतो तरी कुटाराच्या धुळीनं दोन दिवस हाल झाले, पण ते उतरलं.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन दुर्बीण करून घेतली. टीव्हीवर मला पण दाखवलं. डावीकडे पडदा एवढा झुकला आहे की दुर्बीण पुढे सरकत नव्हती, आणि मागे हाडाची टोकदार कड थेट बाजूच्या भिंतीला टेकलेली. स्प्रेनं जेवढं होणार होतं तेवढं झालं, आता उरलं ते मापानं बंद आहे, म्हणाले. आता ऑपरेशनला माझी ना नाही. तारीख दिवाळी झाल्यावरची.

खर्चाचं ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी: रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्याकडे, भरती होण्याच्या आधीच जा. आपलं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या दवाखान्यात बसते का, हे तिथेच विचारा. भरती झाल्यावर धावपळ करणारे दोघं पाहिले मी.

वैनगंगाकाठ · २० ऑक्टोबर, सकाळी ८.१०

व्यवस्थित केलंत. दोन गोष्टी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगा. घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे का, तुमची तपासणी झाली आहे का. आपल्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय भूल देऊ नये. ऑक्सिजन कमी पडला किंवा अंगातलं पाणी कमी झालं तर सिकलसेलच्या पेशंटला त्रास होतो, आणि पुढे नाकात बोळे असणार आहेत. दुसरं, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खाता का? किती वर्षं?

पऱ्हाटी · २० ऑक्टोबर, दुपारी १२.३०

सिकलसेलची तपासणी शाळेत असताना झाली होती, नाही निघालं. तरी कागद नाही म्हणून पुन्हा करतो. खर्रा खातो मॅडम. अकरा-बारा वर्षं. दिवसाला चार-पाच पुड्या.

वैनगंगाकाठ · २० ऑक्टोबर, दुपारी २.००

आत्ता आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि आपली तीन बोटं उभी आत घाला. जात असतील तर ठीक. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडत नाही. पूर्ण भुलेत श्वासाची नळी तोंडातून घालायची असते, तिथे अडचण येते. आणि हा आजार पुढे कॅन्सरकडेही जाऊ शकतो, म्हणून पडद्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. आजपासून बंद करा.

पऱ्हाटी · २० ऑक्टोबर, रात्री ९.५०

अडीच बोटं गेली. पाहून घाबरलो. खर्रा आजपासून बंद, बायकोसमोर सांगून लिहितो आहे.

पऱ्हाटी · २४ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

ऑपरेशन १२ तारखेला झालं. कोणाच्या कामात येईल म्हणून सगळं लिहितो.

भूलवाल्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, गालाला आतून बोट लावून पाहिलं आणि तयारी जास्तीची ठेवली. पूर्ण भूल दिली, मला काही कळलं नाही. जाग आली तेव्हा दोन्ही नाकपुड्यांत बोळे, नाकाखाली कापसाची पट्टी. दुखत एवढं नव्हतं. त्रास झाला तो गिळण्याचा. नाक बंद असलं की पाण्याचा घोट घेताच कानात दडे बसतात, जसे विहिरीत खोल बुडी मारल्यावर बसतात. लहान लहान घोट घेतले तेव्हा जमलं. रात्रभर दोन उशा घेऊन अर्धा बसलेला होतो. थुंकीत थोडं रक्त येत होतं, नर्सबाईंनी ते गिळू नका, थुंका, असं सांगितलं. गिळलं की उलटी होते.

दुसऱ्या दिवशी बोळे काढले. आधी सलाइननं ओले केले, मग ओढले. डोक्याच्या मागून काही येऊन राहिलं असं वाटलं. एका बोळ्याला पाच-सात सेकंद. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याच वेळी डावीकडून हवा आत गेली. थंड. घशापर्यंत थंड लागली. वीस वर्षांत त्या बाजूनं अशी हवा गेली नव्हती.

पण मंडळी, तो आनंद एका दिवसाचा. संध्याकाळपर्यंत सूज येऊन नाक पुन्हा बंद. मला वाटलं फसलं. डॉक्टर म्हणाले दोन-तीन आठवडे असंच राहणार. आत पडद्याच्या दोन्ही बाजूंना मऊ प्लास्टिकच्या पट्ट्या टाका घालून ठेवल्या होत्या, त्या सातव्या दिवशी काढल्या.

नाक धुण्याचं पाणी: पाव लिटर उकळून गार केलेलं पाणी, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. विहिरीचं, नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही, हे दोनदा बजावलं. शिंक आली की तोंड उघडून द्यायची, नाक शिंकरायचं नाही. ओझं तीन आठवडे नाही. साळा आला आहे, वेचणीचं तो पाहतो. जिनिंगला जानेवारीत जाईन, तेही ठेकेदाराला सांगून वजनकाट्यावर. रुईच्या खात्यावर यावर्षी नाही.

एक विचारायचं राहिलं. वरचे समोरचे दोन दात बधिर आहेत. पेरू खाताना दुसऱ्याचे दात असल्यासारखे वाटतात. हे काही बिघडलं का?

वैनगंगाकाठ · २४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

नाही. पडद्याच्या बुडाशी एक बारीक नस टाळूतून त्या दातांकडे जाते, तिला धक्का बसतो. बहुतेकांत काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत परत येतं. ताप येऊन दुखणं वाढत गेलं, दोन्ही बाजू अचानक पूर्ण बंद झाल्या, ताजं रक्त थांबेना, किंवा वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखं टपकू लागलं, तर मात्र रात्र असली तरी निघा.

आर्वीची_आई · २ डिसेंबर, दुपारी १२.१०

मॅडम, सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यात दाखवून आणलं. ॲडेनॉइडच निघालं, आणि दोन्ही कानांत पाणी. बाई ओरडायच्या तेव्हा त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि मी पण त्याच्यावर ओरडत होते. दोन दिवस झाले, त्याच्याशी समोर बसूनच बोलते.

पैनगंगा_पल्याड · ३ डिसेंबर, सकाळी ७.१५

हा सगळा धागा मामांना वाचून दाखवला. त्यांच्याही खिशात बाटली निघाली. दहा-बारा वर्षांपासून. दोन्ही ऑपरेशनच्या आधीही होती, नंतरही होती, आणि कोणी विचारलं नाही. मी बोललो होतो ते तेव्हा जे दिसलं त्यावरून. पुढच्या सोमवारी त्यांना दुर्बिणीला घेऊन जातो.

पऱ्हाटी · १६ जानेवारी, रात्री ९.०५

दोन महिने झाले. डावी नाकपुडी चालू आहे. घोरणं आहे, पण पाठीवर झोपलो तरच. दात जवळपास परत आले. स्प्रे चालूच आहे, धूळ काही गेली नाही. खर्रा नाही. बोटं अजून अडीचच जातात, त्यासाठी दंतवाल्या डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जातो. आईनं पहिल्या आठवड्यात रोज सकाळी नाक पाहिलं, आता पाहत नाही.

मेळघाट_पायथा · १७ जानेवारी, सायंकाळी ६.२०

दादा, माझं गेल्या आठवड्यात झालं. उद्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायला बोलावलं आहे. लय भीती वाटून राहिली. दुखते का?

पऱ्हाटी · १७ जानेवारी, रात्री ८.३०

बोळ्यापेक्षा कमी. टाका कापताना टोचल्यासारखं होते, मग पट्टी सुळकन निघते. मला वाटलं होतं नखाएवढी असेल, बोटाएवढी लांब निघाली. तोंडानं श्वास घेत राहा, डोळे मिटू नको, मिटले की चक्कर येते. पोटात काही खाऊन जा. आणि सोबत कोणाला तरी ने, गाडी स्वतः चालवत येऊ नको. माझ्या डोळ्यांना गावाच्या फाट्यापर्यंत पाणी येत होतं.